डुलकी चालकाची, पण वेळापत्रक कुणाचे?

पहाटे कुठेतरी गाडी कठड्यावर आदळते आणि बातमीत एक वाक्य ठरलेले असते : चालकाला डुलकी लागल्याने वाहनावरील ताबा सुटला. चालकच गेला असेल तर आरोपी मयत म्हणून फौजदारी प्रकरणही तिथेच संपते. या वाक्यावर मीही वर्षानुवर्षे विश्वास ठेवत आलो. मे महिन्यातल्या एका लग्नाने तो विश्वास मोडला.

लग्न लातूरला होते. आम्ही पुण्याहून पहाटे चारला निघालो, म्हणजे भाड्याच्या गाडीचे चालक काका अडीचला घरून निघाले असणार. दिवसभर आम्ही पंगतीत आणि ते मंगल कार्यालयाबाहेर, तापलेल्या गाडीत. दुसऱ्या दिवशी ऑफिस असल्याने परतीला रात्री साडेदहाला निघायचे, हे आम्हीच ठरवले होते. टेंभुर्णी मागे पडल्यावर मागच्या सीटवर सगळे झोपले. मी पुढे बसलो होतो. इंदापूरच्या अलीकडे गाडी अलगद डावीकडे सरकली, चाकाखाली कडेची खडी वाजली आणि काकांनी स्टिअरिंग झटक्याने वळवले. “दादा, डोळ्यात काहीतरी गेलं,” ते म्हणाले. दोघांनाही ठाऊक होते काय झाले ते. मी म्हणालो, “चहा घेऊ या.” काका, तासभर आडवे व्हा, असे मात्र मी म्हणालो नाही. चहाचा परिणाम जाणवायला वीस-तीस मिनिटे लागतात. आम्ही दहाव्या मिनिटाला पुन्हा रस्त्यावर होतो. सकाळी सहाला मालकाने त्यांना विमानतळाची दुसरी ट्रिप लावली होती, हे त्या चहाच्या टपरीवर कळले.

सलग 24 तास जागलेल्या माणसाची अवस्था शंभर मिलिलिटर रक्तात 100 मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसासारखी होते, असे प्रयोगांतून दिसले आहे. आपल्याकडे कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. काका दारू पिऊन आले असते तर आम्ही गाडीत पाऊलही ठेवले नसते. झोप न झालेल्या माणसाच्या हाती मात्र आम्ही लेकराबाळांसह निर्धास्त बसलो, कारण झोपेचा वास येत नाही. ताशी 100 किलोमीटरच्या वेगात चार सेकंद डोळे मिटले तर गाडी शंभर मीटरहून अधिक अंतर चालकाविना कापते.

चालक निर्दोष असतो, असे माझे म्हणणे नाही. डुलकी कुणी ठरवून घेत नाही, पण झापड येत असताना पुढे जायचे हे माणूस ठरवतो, आणि दोष त्या निर्णयाचा असतो. इंग्लंडमध्ये सेल्बीजवळ 28 फेब्रुवारी 2001 रोजी रात्रभर फोनवर बोलत जागलेल्या एका माणसाची गाडी महामार्गावरून थेट रेल्वेरुळांवर गेली आणि दोन रेल्वेगाड्यांच्या धडकेत दहा जण ठार झाले. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि ती रास्तच होती, कारण जागरण त्याचे स्वतःचे होते. आमच्या काकांचे जागरण मात्र मालकाने आणि आम्ही मिळून ठरवले होते.

व्यावसायिक वाहनांसाठी कायदा नाही असेही नाही. मोटर परिवहन कामगार अधिनियम 1961 दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घालत होता, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगत होता; 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. मोटार वाहन कायद्याच्या 91व्या कलमाने कामाच्या तासांची हीच मर्यादा परिवहन वाहनांच्या चालकांना लावली. अपघातानंतर नुकसानभरपाईचा दावा मालकावर होतो खरा, पण पैसे बहुधा विमा कंपनी भरते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा, भारतीय न्याय संहितेच्या 106व्या कलमाखालचा गुन्हा मात्र चाकामागे बसलेल्यावरच नोंदला जातो. म्हणजे मालकाला ना तुरुंग, ना खिशाला झळ.

चालक शेवटचा कधी झोपला होता, मागच्या 24 तासांत गाडी कुठे कुठे गेली आणि ती वेळ कुणी ठरवली, एवढे तीन प्रश्न अपघाताच्या तपासात सक्तीचे व्हावेत, असे मला वाटते. उत्तरे शोधायला फार धावपळही करावी लागणार नाही. इंदापूरजवळच्या सरडेवाडीच्या टोलनाक्यावरून आमची गाडी त्या 24 तासांत दोनदा गेली, तिच्या फास्टॅगवर दोन्ही वेळा नोंदल्या आहेत. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मालकाच्या नावाशेजारी माझे नाव लिहावे लागले असते.