फोन बाहेर ठेवा, पण कुठे?

जून २०२५ मध्ये मुंबईतल्या एका रिक्षावाल्याची चर्चा व्हॉट्सॲप ग्रुपांवरून फिरत फिरत इथे न्यू जर्सीपर्यंत येऊन पोचली. वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) अमेरिकी वकिलातीबाहेर तो रिक्षा लावून उभा राहतो, व्हिसाच्या मुलाखतीला आलेल्यांना आत नेता येत नाहीत त्या बॅगा आणि फोन हजार रुपये घेऊन सांभाळतो आणि दिवसाला वीस-तीस गिऱ्हाइकं धरली तर महिन्याला पाच ते आठ लाख कमावतो, असं एका पोस्टमध्ये लिहिलं होतं. आकड्याचं खरंखोटं बाजूला ठेवू. पोस्ट गाजल्यावर बीकेसी पोलिसांनी तिथल्या रिक्षावाल्यांना बोलावून हा उद्योग बंद करायला लावला. परवाना प्रवासी नेण्याचा आहे, सामान ठेवून घेण्याचा नाही, हे त्यांचं म्हणणं कायद्याला धरूनच होतं.

मग नेहमीसारखे दोन तट पडले. एकांच्या मते गरज ओळखून धंदा उभा करणाऱ्या कष्टकऱ्याच्या पोटावर पोलिसांनी पाय दिला. दुसऱ्यांच्या मते अडलेल्या माणसाकडून हजार रुपये काढणं ही लूट होती आणि ती थांबली ते बरं झालं. माझं म्हणणं असं की रिक्षा हटली, पण तिच्यापाशी थांबणारी माणसं दुसऱ्या दिवशीही फोन हातात घेऊन तिथेच उभी होती. ज्या नियमामुळे माणसाला हातातला फोन सोडावा लागतो, त्या नियमातच तो ठेवायची सोय सांगितलेली हवी. ती सोय वकिलातीने करावी की शहराने, यावर बोलता येईल. ती नसावी, हे मात्र मला मान्य नाही.

बंदीमागची कारणं खरी आहेत. ७ ऑगस्ट १९९८ ला नैरोबी आणि दार-एस-सलाममधल्या अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले, दोनशेहून अधिक माणसं मारली गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला की नव्या दूतावासाची इमारत आवाराच्या कडेपासून किमान १०० फूट आत हवी. जुन्या शहरातल्या गजबजलेल्या जागांत हे बसत नाही. मुंबईची वकिलात २०११ मध्ये ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून बीकेसीच्या जी ब्लॉकमध्ये गेली, लंडनचा दूतावास २०१८ मध्ये ग्रोव्हनर स्क्वेअरहून नाइन एल्म्सला गेला. मोबाइल म्हणजे कॅमेरा, ध्वनिमुद्रण यंत्र आणि प्रक्षेपक एकत्र. रोज रांगेत उभ्या राहणाऱ्या शेकडो लोकांचं एकेक उपकरण तपासत बसण्यापेक्षा सरसकट 'नको' म्हणणं पहारेकऱ्याला सोपं जातं.

पण हीच बंदी सगळीकडे सारखी नाही. लंडनच्या अमेरिकी दूतावासात मुलाखतीला जाताना मोबाइल नेता येतो, लॅपटॉप नाही. म्हणजे निर्णय त्या त्या ठिकाणच्या सुरक्षेचा अंदाज घेऊन होतो. शेंगेन किंवा ब्रिटनच्या व्हिसासाठी आपण खाजगी कंपनीच्या केंद्रात जातो, तिथे बहुतेक ठिकाणी फोन बंद करून खिशात ठेवला की पुरतं. आदल्या वर्षी युरोपला जाऊन आलेला माणूस त्याच सवयीने बीकेसीला येतो आणि दारात अडतो. त्याला बेफिकीर ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

बीकेसीची अडचण दुहेरी आहे. शंभर फुटांच्या नियमामुळे वकिलात रस्त्यापासून आत आणि आजूबाजूला सगळ्या काचेच्या कार्यालयांच्या इमारती. जिथे ओळखीवर पिशवी ठेवता येईल असं किराणा दुकान किंवा पानाची टपरी जवळ मिळणं कठीण. त्यात मुंबईच्या वकिलातीच्या हद्दीत महाराष्ट्र आणि गोव्याबरोबर गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतं. रात्रभर बसने प्रवास करून आलेला कोल्हापूरचा किंवा इंदूरचा माणूस फोन घरी ठेवून कसा येईल? तिकीट फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, हॉटेलचा पत्ता फोनमध्ये. रेल्वेची क्लोकरूम तिकीट दाखवल्यावर कुलूपबंद बॅग घेते. नुसता फोन घेऊन बसने आलेल्याला तिचा उपयोग नाही.

आणि दारात अडण्याची किंमत मोठी आहे. १ जानेवारी २०२५ पासून भारतात अपॉइंटमेंटची तारीख जादा शुल्क न भरता एकदाच बदलता येते. ठरलेली वेळ चुकली किंवा दुसऱ्यांदा बदलायची झाली की शुल्क नव्याने. पर्यटक आणि विद्यार्थी व्हिसाला ते १८५ डॉलर आहे. शिवाय पुढचा स्लॉट कधी मिळेल याचा भरवसा नाही. हा हिशेब डोळ्यांसमोर असलेला माणूस हजार रुपये मुकाट्याने काढून देतो. रिक्षावाल्याचा दर या भीतीने ठरवला होता.

न्यूयॉर्क शहराला या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात तिथल्या सरकारी शाळांत मोबाइलला बंदी होती. मुलं फोन आणायचीच, कारण घरच्यांना काळजी. मग शाळांबाहेर व्हॅन उभ्या राहू लागल्या, दिवसाला एक डॉलर घेऊन फोन सांभाळायला. पाच दिवसांचे पाच डॉलर गरीब घरांना जड जायचे. २०१२ मध्ये ब्रॉंक्समध्ये अशी एक व्हॅन बंदुकीच्या धाकाने लुटली गेली, मुलांचे दोनशेच्या आसपास फोन गेले. २०१५ मध्ये ती बंदी उठली. पुढे सप्टेंबर २०२५ पासून न्यूयॉर्क राज्याने शाळांत दिवसभर फोनबंदी पुन्हा आणली, पण या वेळी फोन ठेवायची सोय शाळेने करायची, ही अट नियमातच घातली आणि ज्या शाळांना मदत लागेल त्यांच्यासाठी १.३५ कोटी डॉलर वेगळे काढले. मॅनहॅटनमधल्या संघीय न्यायालयातही सामान्य माणसाला फोन आत नेता येत नाही. दारातला सुरक्षा अधिकारी तो ठेवून घेतो, टोकन देतो, आणि जाताना टोकन दाखवून फोन परत मिळतो.

हे पाहायला अमेरिकेतच यायला हवं असंही नाही. तिरुमलाला दर्शनापूर्वी मोबाइल जमा करायचे काउंटर आहेत. दिल्लीच्या अक्षरधाममध्ये फोन, कॅमेरे जमा करताना ठेवणाऱ्याचा फोटो वस्तूंसकट काढतात, म्हणजे परत घेताना वाद नको. शिर्डीतही मंदिरात मोबाइल नेता येत नाही आणि तो ठेवायची व्यवस्था आहे. गर्दीच्या दिवशी तिथे येणाऱ्यांची संख्या कुठल्याही वकिलातीपुढच्या रांगेच्या कितीतरी पट असते. कौशल्य आपल्याकडे आहे, बीकेसीत ते वापरायची जबाबदारी कोणी घेतलेली नाही.

तोवर मुलाखतीला जाणाऱ्याला स्वतःचं स्वतःच बघावं लागेल. मुंबईत दोन फेऱ्या होतात: आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग वकिलातीत मुलाखत. दोन्ही दिवस फोनशिवाय जायचं असं धरूनच आखणी करा. वकिलातीच्या सूचनांमधली मनाईची यादी मोबाइलपुरती नाही. बॅटरीवर चालणारं सगळं त्यात येतं. लोक फोन आठवणीने बाहेर ठेवतात आणि अडतात मनगटावरच्या स्मार्टवॉचमुळे, खिशातल्या इअरबडच्या डबीमुळे, चावीच्या जुडग्यातल्या पेन ड्राइव्हमुळे, पॉवर बँकेमुळे. गाडीची रिमोटवाली चावीही घरच्यांकडे देऊन ठेवा. पाठपिशवी, कापडी पिशवी, चेनचं फोल्डर, खाण्याचे पदार्थ, काडेपेटी, लायटर, सीलबंद पाकीट हेही चालत नाही. कागद पारदर्शक प्लास्टिकच्या साध्या पिशवीत न्या.

सगळे कागद छापलेले हवेत. डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा अर्जाच्या पुष्टीचं पान बारकोडसकट लेझर प्रिंटवर काढा. फिकट शाईच्या प्रिंटवर बारकोड वाचला जात नाही. त्यावरचा क्रमांक अपॉइंटमेंटच्या पानावरच्या क्रमांकाशी जुळतो का, ते दोन-तीन दिवस आधी पाहा. अर्ज दुरुस्त करून नव्याने भरला की क्रमांक बदलतो आणि अपॉइंटमेंटवर जुनाच राहतो, ही हमखास होणारी चूक आहे. दारात ती कळली तर हातात फोन नसतो, म्हणून ती तिथे सुधारता येत नाही. समाजमाध्यमांचंही तसंच. गेल्या पाच वर्षांतल्या खात्यांची नावं डीएस-१६० मध्ये २०१९ पासून विचारतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व विनिमय व्हिसाच्या, १५ डिसेंबर २०२५ पासून नोकरीच्या एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसाच्या अर्जदारांना ती खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. ती सेटिंग्ज आदल्या आठवड्यात बदला आणि दुसऱ्याच्या फोनवरून खातं उघडून खात्री करा.

फोन कोणाकडे द्यावा? पहिली पसंती मुंबईतल्या नातेवाइकांची, दुसरी हॉटेलच्या काउंटरची, पावती घेऊन. अनोळखी माणसाकडे द्यायचाच झाला तर नुसता लॉक करू नका, पूर्ण बंद करा. बंद केलेला फोन पुन्हा सुरू झाल्यावर पासकोड पडेपर्यंत त्यातला बहुतेक मजकूर कुलूपबंद राहतो. नुसत्या लॉक केलेल्या फोनला ते संरक्षण तितकं नसतं. सिमला पिन लावा, नाहीतर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बँकेचे ओटीपी घेता येतात. हे दोन-चार दिवस आधी करा, कारण पिन तीनदा चुकला की सिम पुन्हा उघडायला पीयूके हा वेगळा क्रमांक लागतो आणि तो ऐन वेळी सापडत नाही. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, कागदावर लिहून घ्या. फोन गेलाच तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करून घ्यायला हा क्रमांक लागतो. दोन महत्त्वाचे नंबर आणि जिथे उतरलात तिथला पत्ताही त्याच कागदावर.

खिशात रोख ठेवा, सुट्ट्या नोटांसकट. यूपीआयची इतकी सवय झाली आहे की बाहेर आल्यावर चहाचे पैसे द्यायलाही काही नाही, हे तिथे कळतं. ॲपवरची गाडी बोलावता येत नाही. रिक्षा वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनपर्यंत नेते, दादरकडे शहरात जाऊ शकत नाही. तिकडे जायला स्टेशनवरून लोकल आहे, किंवा बीकेसीहूनच ॲक्वा मार्गाची मेट्रो, जी ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत जाते.

आता वयस्कर आईवडिलांबद्दल, कारण परदेशातल्या मुलांना सर्वाधिक घोर त्यांचाच असतो. २ सप्टेंबर २०२५ पासून १४ वर्षांखालची मुलं आणि ७९ च्या वरचे ज्येष्ठ यांची मुलाखतीतून सरसकट सूट गेली. अर्ज आपण इथून भरतो, सूचना फोनवरून देतो, आणि नेमके ते काही तास त्यांच्याकडे फोन नसतो. म्हणून भेटायची जागा आधी ठरवा. 'गेटवर' म्हणू नका, बाहेर पडायचं दार वेगळं असू शकतं. समोरच्या एखाद्या इमारतीची ठळक पाटी निवडा आणि कागदावर लिहून द्या. चष्मा, सकाळच्या गोळ्या, घराबाहेर पडण्याआधी पोटभर नाश्ता. दंडावर ग्लुकोजचा सेन्सर असेल तर त्याचे आकडे बहुधा फोनवरच येतात. इन्सुलिन पंप आणि श्रवणयंत्र ही तर अंगावरचीच उपकरणं. अपॉइंटमेंटच्या बरेच दिवस आधी वकिलातीला ईमेल पाठवा, उपकरणाचं नाव आणि गरज स्पष्ट लिहिलेलं डॉक्टरांचं इंग्रजी पत्र घ्या, आलेलं उत्तर छापून सोबत द्या. साखर उतरल्यावर घ्यायच्या गोळ्यांचाही त्या पत्रात उल्लेख हवा, कारण खाण्याच्या वस्तू अडवतात. तपासणी सुरू होण्यापूर्वीच पहारेकऱ्याला हे सांगायचं.

रिक्षावाल्यांना हटवणाऱ्या पोलिसांची एक बाजू मला पूर्ण पटते. आत काय आहे ते न पाहता घेतलेल्या तीस बॅगा वकिलातीसमोर एका रिक्षात साठणं धोक्याचंच. पण त्यावरचा उपाय तपासणीसह लॉकर हा आहे. बीकेसीचं नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आहे आणि त्याचं कार्यालयही तिथेच आहे. मेट्रो स्थानकात किंवा जवळच्या एखाद्या वाहनतळात एक्स-रे यंत्र, क्रमांकाचे लहान कप्पे, फोटोसकट पावती, तासावर ठरलेला आणि पाटीवर लिहिलेला दर, हरवल्यास भरपाईची हमी, आणि दिवसातल्या पहिल्या अपॉइंटमेंटच्या तासभर आधी उघडणारी खिडकी, इतकं पुरे. ते चालवायला पोलीस पडताळणी करून त्याच रिक्षावाल्यांची सहकारी संस्था घेतली तर मला जास्त आवडेल; रांगेतल्या माणसाला काय लागतं हे त्यांनी सर्वांच्या आधी ओळखलं होतं. वकिलातीने फक्त अपॉइंटमेंटच्या पानावर त्या जागेचा पत्ता छापावा.