मनगटावर हिरवा दिवा लावा आणि निर्धास्त व्हा

सगळ्यात आधी ती नाडी बघायची सवय सोडा. मनगटावर दोन बोटं टेकवायची, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं, एवढा वेळ कुणाकडे आहे? पूर्वी वैद्य तीन बोटं ठेवून वात, पित्त, कफ आणि काल रात्री काय खाल्लं तेही सांगायचे म्हणे, पण त्यांच्याकडे ब्लूटूथ नव्हतं. आपल्याकडे सहा हजारांचं स्मार्टवॉच आहे (सेलमध्ये साडेतीनला मिळालं), त्याच्या पोटाखाली हिरवा दिवा लुकलुकतोय, आपलं कसं चाललंय ते तो सांगेल. मी दोन वर्षं हे घड्याळ मनगटावर मिरवतोय त्यामुळे चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो, घ्या लिहून.

घड्याळ सैल घाला. बांगडीसारखं, खाली-वर फिरलं पाहिजे. डब्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं की मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि नीट घट्ट, पण तो कागद आपण कुठे वाचतो, आणि घट्ट बांधलं की खाज येते. सैल ठेवलं की कातडी आणि दिव्यामध्ये फट राहते, बाहेरचा उजेड आत शिरतो, आणि मग आकडा काय सुंदर नाचतो, ७४, १२१, ५८, परत १२१. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वेळ छान जातो.

मनगटावर टॅटू असेल तर फारच उत्तम. दाट शाईतून दिव्याचा उजेड नीट आरपार जात नाही, त्यामुळे घड्याळाला स्वतःची कल्पनाशक्ती वापरायला वाव मिळतो.

आता धावायला जा. धावताना फक्त घड्याळाकडे बघा, आपल्याला कसं वाटतंय त्याकडे अजिबात लक्ष देऊ नका. हे मी का सांगतोय तर गेल्या थंडीत आम्ही काही जण साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला जायचंच असं ठरवून (सप्टेंबरपर्यंत हे सगळे कारणं शोधणार, मी पण) पुण्यातल्या तळजाई टेकडीवर धावायला लागलो. धावायला म्हणजे काय, रमतगमत जॉगिंग, तोंडाने गप्पा चालू, टँकरवाला किती घेतो, पार्किंगमध्ये परत कुणाची गाडी आडवी लागलीये वगैरे. दम नाही, काही नाही. आणि मनगट थरथरलं. बघतो तर १७४. माझं वय ४८. म्हणजे घड्याळाच्या हिशोबाने माझं इंजिन फुटायच्या बेतात होतं आणि मी मेंटेनन्सच्या थकबाकीवर बोलत होतो. खाली बसलो, दोन मिनिटांत १०२. परत धावलो, १७२. ग्रुपमधल्या एकाने लगेच चेहरा पाडून सांगितलं की त्याच्या साडूच्या मित्राला असंच झालं होतं आणि तो बाविसाव्या दिवशी गेला. असा एक माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.

घरी आलो तर ॲप उघडून बायको बसलेली. त्यात लाल रंगाचा पट्टा, "मॅक्सिमम झोन ३८ मिनिटं". पुढचं सांगत नाही, ज्यांचं लग्न झालंय त्यांना कळेल. ईसीजी झाला, इको झाली, स्ट्रेस टेस्ट झाली, छातीवरचे केस काढून तिथे बटणं चिकटवून मला ट्रेडमिलवर पळवलं. सगळं व्यवस्थित निघालं. घड्याळाच्या किमतीपेक्षा तपासण्यांचं बिल जास्त झालं. आणि वायरी काढता काढता तिथली टेक्निशियन मुलगी अगदी सहज म्हणाली, "काका, धावताना तुमची पावलं मिनिटाला किती पडतात ते बघा बरं एकदा."

बघितलं. त्याच ॲपमध्ये, हार्ट रेटच्या आलेखाखाली जरा सरकवलं की पावलांचा आलेख असतो. मिनिटाला १७२, १७४, १७३. दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या तर जुळ्या बहिणी. म्हणजे माझ्या हृदयाचे ठोके म्हणून ते घड्याळ माझे बूट मोजत होतं!

आता यात कुणी जादूटोणा केलेला नाही. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला कातडीखाली थोडं जास्त रक्त येतं, तेव्हा उजेड थोडा कमी परत येतो, मग परत जास्त, आणि दिव्याशेजारचा सेन्सर ती लाट मोजतो. खुर्चीत बसलेल्या माणसावर हे झकास चालतं. पण धावताना हात हलतो, घड्याळ उसळतं, हाताच्या झोक्याने रक्तही हिंदकळतं, आणि हे हिंदकळणं ठोक्याच्या लाटेपेक्षा केवढंतरी मोठं. मग आतलं सॉफ्टवेअर दुसऱ्या सेन्सरकडून हालचाल विचारून घेतं आणि ती वजा करायला बघतं, कधी जमतं कधी नाही, आणि नाही जमलं की ते पावलांचाच ताल पकडून बसतं. बहुतेकांची पावलं धावताना मिनिटाला १६० ते १८० च्या आसपास पडतात आणि जोरात धावणाऱ्याचे ठोकेही साधारण तिथेच असतात, त्यामुळे आकडा बघून संशयसुद्धा येत नाही. धावणाऱ्यांमध्ये याला कॅडेन्स लॉक म्हणतात, नाव आहे, सगळ्यांना माहितीये, कंपन्यांना तर आपल्या आधीपासून माहितीये, आणि तरी कस्टमर केअरला फोन केला की तो पोरगा काय म्हणतो? सर पट्टा घट्ट बांधा. बांधला. सर रीस्टार्ट करा. केलं. सर अपडेट टाका. टाकला. सर मनगट पुसून घ्या. अरे पुसलं बाबा, उटणं लावून आंघोळ घालू का त्याला? शेवटी तो थंडपणे म्हणाला, "सर, हे मेडिकल डिव्हाइस नाहीये." हो का? मग जाहिरातीत तो माणूस डोंगरावर उभा राहून घड्याळाकडे असं बघतो जणू त्याला परमेश्वर दिसलाय, ते काय वेळ बघत असतो का?

असो. रागावायचं नाही, स्ट्रेस स्कोअर वाढतो. स्ट्रेस स्कोअर रोज बघत जा, स्ट्रेस नसला तर येईल.

पर्वती चढताना मात्र घड्याळ तुमचं कौतुक करेल. १०३ पायऱ्या एका दमात, वर पोचलो तेव्हा जीभ बाहेर, कठड्याला धरून उभा, आणि घड्याळ म्हणतंय ९१, "वॉर्म अप". सकाळची थंडी होती, थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यात मी मुठी आवळून चढलो, आणि ठोके एकदम वाढले की हे घड्याळ मागचे काही सेकंद धरून सरासरी काढत बसतं. मी खाली येऊन चहाचा अर्धा कप संपवला तेव्हा त्याने १४० दाखवले. तळजाईच्या सपाटीवर मरणासन्न आणि पर्वतीच्या माथ्यावर ठणठणीत, असा माझा मेडिकल इतिहास आहे. जिममध्ये वजन उचलणाऱ्यांनी तर काही विचारूच नका, मनगट वाकलं आणि मूठ आवळली की संपलं.

रंगीत झोनवर डोळे मिटून विश्वास ठेवा. मिनिटाला जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय, त्यावरून झोन, झालं. हे सूत्र १९७१ साली अमेरिकेत फॉक्स आणि मंडळींनी आधीच्या अभ्यासांचे आकडे समोर ठेवून ओढलेल्या एका ढोबळ रेघेवरून आलंय. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाचा ०.७ पट असं दुसरं काढलं. माझ्या वयाला पहिल्याने १७२ येतात, दुसऱ्याने १७४, पण माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो हे झोन रंगवणाऱ्याने विचारात घेतलेलं नसतं. तर आधी ठोके चुकीचे, मग ते ढोबळ कमालीशी ताडून त्यावर लाल-पिवळा रंग, आणि तो रंग बघून आपली मंडळी एकमेकांना व्यायामाचे सल्ले देतात.

कॅलरी बघून मिसळ खा. २०१७ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी सात घड्याळं साठ माणसांवर तपासली, त्यात सातपैकी सहांचे ठोके बऱ्यापैकी बरोबर निघाले, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं घड्याळही सरासरी २७ टक्के चुकलं. जास्तीचा पाव घ्यायला एवढं शास्त्र पुरे.

आणि तरी शंका असेल तर प्रयोग करा. चीनमध्ये मागे लोकांनी टॉयलेट पेपरच्या गुंडाळीला असा बँड बांधला आणि गुंडाळीचा हार्ट रेट आला, त्याचे व्हिडिओ फिरत होते. मला पटेना. म्हणून मंडईतून आणलेला दुधी ओट्यावर होता, त्याला घड्याळ बांधलं. थोडा वेळ दोन रेघा दिसल्या, मग ७८. देवाशप्पथ. एकदम निरोगी दुधी. बायको म्हणाली, "ह्यालाही स्ट्रेस टेस्टला न्यायचं का?" कारण एवढंच की सेन्सरला परत येणाऱ्या उजेडात जरा चढउतार दिसला की तो त्यातून लय शोधतो, समोर मनगट आहे की भाजी हे त्याला काय कळणार. काही घड्याळं मनगटावर नसल्याचं ओळखतात म्हणे. माझं नाही ओळखत.

बरं, खोटं कशाला बोलू, निवांत बसलं असताना, रात्री झोपेत, हे आकडे ठीक असतात, मी स्वतः बोटं ठेवून ताडून बघितलंय, दोन-तीन ठोक्यांचा फरक. आणि धावतानाचे खरे ठोके हवे असतील तर छातीवर बांधायचा पट्टा मिळतो, तो ईसीजीसारखा हृदयाची वीज पकडतो, फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्येच तसला बिनवायरचा काढला होता. मी आता तो घेतलाय. दिसायला दळभद्री आहे, घामट आहे, लग्नात दाखवता येत नाही. म्हणून तो कुणी घेत नाही.

इथवर गंमत चालू होती. इथेच थांबणार होतो खरं तर.

पण मागच्या आठवड्यात सासऱ्यांचं झालं. आप्पा, वय ७१, सांगलीकडे असतात. दिवाळीत मेव्हण्याने नवीन घड्याळ घेतलं आणि जुनं आप्पांच्या मनगटावर बांधलं, आप्पाही खूश, कट्ट्यावर सगळ्यांना दाखवायचे. त्या रात्री जेवण झाल्यावर छातीत दाबल्यासारखं झालं, जबडा दुखायला लागला, घाम सुटला. मेव्हण्याने व्हिडिओ कॉल केला, आप्पांचा हात कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाला, "दाजी, बघा, शहात्तर, ऑक्सिजन सत्त्याण्णव, सगळं नॉर्मल आहे. ॲसिडिटी असणार." आप्पाही पलीकडून म्हणाले, "घड्याळ नॉर्मल म्हणतंय की. झोपा तुम्ही."

आणि मी, दुधीचे ठोके मोजलेला माणूस, मी काय म्हणालो? "बरं मग, थंड दूध द्या, सकाळी बघू."

त्यांचं मनगट घामाने चकाकत होतं हो कॅमेऱ्यात. ओलं मनगट सरळ दिसत होतं आणि आम्ही तिघं त्याच्यावरचा आकडा वाचत होतो.

रात्री दोनला उलटी झाली तेव्हा उचलून नेलं. ईसीजी काढायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एक रक्तवाहिनी पूर्ण बंद. डॉक्टरांनी विचारलं, दुखायला कधी लागलं, साडेनऊला म्हटल्यावर ते म्हणाले, "मग इतका वेळ काय करत होता?" कुणीच उत्तर दिलं नाही. अँजिओप्लास्टी झाली, आप्पा आहेत, पण हृदयाचा जो भाग तेवढ्या वेळात गेला तो गेला.

तर आता सरळ सांगतो, उपरोध गेला खड्ड्यात. रक्तवाहिनी बंद असताना ठोके बहात्तर असू शकतात, शहात्तर असू शकतात, आकडा नॉर्मल असणं आणि माणूस नॉर्मल असणं यांचा त्या वेळी काडीचा संबंध नसतो, आणि तो आकडा अगदी शंभर टक्के बरोबर असला तरी नसतो! ईसीजीवाली महागडी घड्याळंही हार्ट अटॅक ओळखत नाहीत, त्यांच्या माहितीत तसं लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण. समोर बाप घामाघूम झालाय, छाती धरून बसलाय, आणि तुम्ही त्याचं मनगट धरून स्क्रीन कसली बघताय? कपाळाला हात लावा ना त्याच्या! १०८ लावा, शेजाऱ्याची गाडी काढा, जे मिळेल ते करा पण निघा. ॲसिडिटी निघाली तर निघाली, डॉक्टर हसले तर हसले. घरातल्या म्हाताऱ्यांच्या हातात असली घड्याळं बांधून "आता काळजी नाही" म्हणणाऱ्या सगळ्या मुलांना, जावयांना मी हे बोलतोय, आणि पहिला मला स्वतःला.

काल मेव्हण्याचा मेसेज आलाय. "दाजी, आप्पांसाठी ईसीजीवालं घड्याळ घ्यावं म्हणतोय. कुठलं चांगलं?"

अजून रिप्लाय केलेला नाही.