क्वायरमधले सगळे पाश्चात्त्य संगीत शिकलेले नाहीत

नाताळच्या कार्यक्रमानंतर सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय : आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये म्हणे पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा दिलेल्यांनाच घेतात आणि निम्मे गायक पुण्याहून मागवलेले असतात. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

गायक सगळे इथलेच. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य स्वरलेखन, वाचता येणारे मोजके. बाकीचे सोप्रानो, आल्टो, टेनर, बास (उंच ते खर्ज असे आवाजांचे चार गट, प्रत्येकाची चाल वेगळी) आपापली ओळ ऐकून पाठ करतात. कुणी संडे स्कूलमध्ये गाऊन तयार झालं, कुणी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवून. गांधर्व महाविद्यालयाच्या हिंदुस्थानी संगीताच्या परीक्षा दिलेलेही आहेत, आणि खरी पंचाईत त्यांचीच होते. स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी मींड, झटकन घेतलेली मुरकी आवरायची, स्वर सरळ धरायचा, तोही शेजारचा भलताच स्वर लावून उभा असताना! पण ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) अभंग-ओवीच्या वळणाची गीतं निघाली की हेच पुढे. तिथे नोटेशनवाले चाचपडतात. त्यांना हे आवडणार नाही, पण आहे खरं.

प्रवेशासाठी प्रमाणपत्र कुणी मागत नाही. सूर लागतो का आणि शनिवारच्या तालमीला येणार का, एवढंच विचारतात.