जमिनीवर इंजिन चालू झालं म्हणून पायलट खोटा ठरत नाही

चारकोपच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी बांधलेलं विमान २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं, तेव्हापासून मुंबईत घरी बांधलेल्या विमानांबद्दल गप्पा रंगतात. सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय की अशा विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर ते दगडासारखं कोसळतं, म्हणून ताबडतोब मागे वळून धावपट्टी गाठावी. पुढे म्हणे, मुंबईच्या उकाड्यात कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) बर्फ धरणं शक्यच नाही. खाली आल्यावर इंजिन एका फटक्यात चालू झालं तर चूक पायलटची. आणि पेट्रोल पंपावरचं कुठलंही चालतं. विमानांच्या देखभालीत माझी २२ वर्षं गेली. यातलं एकेक वाक्य कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं, म्हणून लिहितोय.

“दगडासारखं कोसळतं, लगेच वळा.” नाही कोसळत. सेस्ना १५२सारखं छोटं विमान इंजिन बंद असताना १,००० फुटांवरून, वारा नसेल तर, अडीच किलोमीटरच्या पुढे तरंगत जातं. पार्ले स्टेशन ते अंधेरी स्टेशन यापेक्षा कमी आहे. घरी बांधलेली काही विमानं याहून लवकर खाली येतात, पण तीही तरंगतातच. माणसं जातात ती बहुतेकदा वळण्याच्या घाईत. उड्डाणानंतर लगेच, उंची कमी असताना, मागे वळायला गेलं की वेग पडतो, पंख उचल सोडतात आणि विमान गरकन फिरून खाली येतं. नाक खाली करा, वेग राखा, समोर किंवा थोडं डावी-उजवीकडे मोकळी जागा दिसेल तिथे उतरा.

“मुंबईत बर्फ कसा धरेल?” अगदी हुशार लोकही हे छातीठोकपणे सांगतात. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जाताना तिचा दाब पडतो, शिवाय तिथेच पेट्रोलची वाफ होते. दोन्हींमुळे आतलं तापमान ३० अंशांहूनही जास्त घसरू शकतं. अंगावर स्पिरिट लावल्यावर गार वाटतं ना, तसंच. बाहेर ३० अंश असले तरी आत शून्याखाली जाऊ शकतं, आणि बर्फाला लागणारी ओल आपल्या हवेत जुलैत भरपूर असते. थ्रॉटल कमी करून उतरत असताना धोका सर्वात जास्त. खुणा म्हणजे आरपीएम हळूहळू उतरतो आणि मग इंजिन अडखळायला लागतं. अशा वेळी कार्ब हीट, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारी लिव्हर, पूर्ण ओढायची. ती ओढल्यावर इंजिन आधी आणखी खोकतं, कारण वितळलेलं पाणी सिलेंडरमध्ये जात असतं. ‘बिघडलं’ म्हणून नवखा माणूस घाबरून लिव्हर परत आत ढकलतो. ढकलू नका. थोडा दम धरा, इंजिन मोकळं होतं.

“खाली चालू झालं, म्हणजे पायलटची चूक.” या वाक्याचा मला खरा राग आहे. वरचा बर्फ खाली येईपर्यंत वितळून गेलेला असतो, मग पुरावा कुठून मिळणार? माझ्या एका मित्राचं दोन आसनी विमान उड्डाणानंतर दहा-बारा मिनिटांनी बंद पडायचं. दोनदा ते शेतात उतरवावं लागलं आणि दोन्ही वेळा थोड्या वेळाने मजेत चालू झालं. लोक त्याला भित्रा म्हणाले. प्लग बदलले, कार्बोरेटर तीनदा उघडला, प्लगला ठिणगीची वीज देणारा मॅग्नेटो काढून तपासला. तिसऱ्या खेपेला विमान उतरताच मी आधी टाकीचं झाकण फिरवलं, तर ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली. व्हेंटच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, करंगळीच्या नखाएवढं. टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून आत पोकळी धरायची आणि पेट्रोल येणं थांबायचं. विमान उभं राहिलं की झिरपत हवा भरायची आणि सगळं ठीक दिसायचं. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

म्हणून शोध घेताना इंजिन शेवटी उघडा. आधी झाकण, व्हेंट, गाळणी, टाकीच्या तळाचं पाणी. मग पेट्रोलचा प्रवाह मोजा, तोही नाक चढाईइतकं वर उचलून, कारण सपाट उभ्या विमानात तो छानच वाटतो. गुरुत्वाकर्षणावर पेट्रोल येत असेल तर उड्डाणाच्या पूर्ण शक्तीला लागतं त्याच्या दीडपट यायला हवं. पंप असेल तर सव्वापट.

“पंपावरचं कुठलंही पेट्रोल चालतं.” घरी बांधलेल्या विमानांत खूप वापरलं जाणारं रोटॅक्स ९१२ इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालतं, हे खरं. पण उत्पादकाची मर्यादा १० टक्के इथेनॉलची आहे आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी बसतात, नेमकी जिथून इंजिनाला पुरवठा होतो तिथे. जुन्या रबरी नळ्या आणि काही फायबरच्या टाक्यांनाही ते सोसत नाही.

तपासायला १०० मिलीची खुणांची काचेची नळी पुरते. १०च्या खुणेपर्यंत पाणी, वर १००पर्यंत पेट्रोल, बूच लावून हलवा आणि स्थिर होऊ द्या. इथेनॉल खाली पाण्याला जाऊन मिळतं, म्हणून पाण्याची रेघ वर चढते. ती १९च्या आसपास आली तर इथेनॉल साधारण १० टक्के. ती त्याच्या वर चढली, तर तो कॅन स्कूटरसाठी घरी न्या.