बिलातलं पाणी

काल रात्री पोरगी दहावीचं विज्ञान घोकत होती. "कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू अनवीकरणीय, एकदा संपले की संपले. पाणी, वारा, सूर्य नवीकरणीय." तिकडं न्हाणीत आई बॅरलच्या तळाशी तांब्या खरवडत होती. नळाला पाणी येऊन पाचवा दिवस. सोलापूरकरांना जास्त सांगायला नको.

आतूनच म्हातारी म्हणाली, "न संपणारं पाणी कुठं मिळतंय गं तसलं?"

हसलो, पण ते डोक्यात बसलं. आपल्या उशाला फताटेवाडीत एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचे कोळशावर चालणारे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. विषय निघाला की सगळे कोळसा, राख, धूर यांवर तुटून पडतात. पाण्याचं नाव कुणी काढत नाही.

कोळशातून वीज थेट निघत नाही. कोळसा पिठासारखा दळतात, बॉयलरात जाळतात, त्यावर पाण्याची वाफ करतात. ती वाफ टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवते आणि त्याच दांड्यावरचं जनित्र वीज देतं. (३००० च का, तर आपली वीज ५० हर्ट्झची, सेकंदाला ५० फेरे.) तारापूरला १९६९ पासून अणू फोडतात, पण तिथंही शेवटी पाणीच उकळायचं. अणूचा एवढा बोलबाला, आणि काम चहाच्या पातेल्याचं!

बॉयलरातलं पाणी तेच तेच फिरतं. खर्च होतं ते दुसरंच. टर्बाइनमधून सुटलेली वाफ गार करून तिचं परत पाणी करावं लागतं, त्यासाठी नळ्यांतून थंड पाणी खेळवतात. ते तापलं की कूलिंग टॉवरमध्ये सोडतात आणि त्यातलं काही हवेत उडून जातं. पेपरातल्या फोटोत डमरूसारख्या मनोऱ्यांतून पांढरा लोट निघताना दिसतो ना, तो धूर नव्हेच. चांगल्या सुपरक्रिटिकल (खूप जास्त दाबाच्या वाफेवर चालणाऱ्या) संचातही कोळशातल्या उष्णतेचे शंभरातले चाळीसेक भागच विजेत उतरतात. उरलेल्यातला मोठा वाटा असा पाण्याच्या डोक्यावर.

किती पाणी? २०१७ पासूनच्या वीजकेंद्रांना सरकारी मर्यादा आहे मेगावॅट-तासाला ३ घनमीटर, म्हणजे युनिटमागं ३ लिटर. मी घरचं बिल काढलं. १५० युनिट. त्याला शंभरेक किलो कोळसा, तीसेक किलो राख, आणि पाणी ४५० लिटर. आमची दोन बॅरल काठोकाठ भरून वर चार घागरी. आई ज्या बॅरलशी झटत होती तसली दोन!

दोन्ही संच दिवसभर पूर्ण ताकदीनं चालले तर त्याच मर्यादेनं साडेनऊ कोटी लिटर होतात. माणशी रोजचे १३५ लिटर धरले तर सात लाख माणसांचं पाणी. २०११ च्या जनगणनेत अख्खं सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं. आणि शहर काय, वीजकेंद्र काय, दोघांची मुख्य भिस्त एकाच उजनी धरणावर.

लगेच "मग वीज नको का?" म्हणून अंगावर येऊ नका. आमच्या पूर्व भागातले यंत्रमाग काय वाऱ्यावर चालतात? कोळसा उद्या बंद होणार नाही, हेही कळतं. माझं म्हणणं एवढंच, की दुष्काळी पट्ट्यात वाफेवरची वीज करायची तर गार करायला धरणाचं पाणी शेवटी धरा, आधी गटाराचं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीजदर धोरणातच आहे की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी तेच प्रक्रिया केलेलं पाणी वापरावं. फताटेवाडी ते सोलापूर किती लांब, तुम्हीच सांगा. नाहीतर झारखंडात उत्तर कर्णपुऱ्याच्या वीजकेंद्रात वाफ हवेनं गार करतात. खर्च जास्त, वीज थोडी कमी, पण पाणी वाचतं.

परळी विसरलात का? २०१५ मध्ये तिथलं वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा संपायला अजून पिढ्या जातील म्हणतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये आधी काय संपतं ते उजनीच्या उणे टक्केवारीत (म्हणजे वापरायचा साठा संपून तळाच्या पाण्याला हात लागला) रोज वाचतोच आपण.

पोरीला म्हटलं, परीक्षेत पुस्तकातलंच लिही, नाहीतर मार्क जातील. ती म्हणाली, "पण पप्पा, आजीचं बरोबर आहे ना?"

थांबतो. गल्लीत ओरडा झालाय, पाणी सुटलं. मोटर लावायचीय.