शेंदेलोणाने गोळी सुटत नाही

गेल्या रविवारी गिरगावात मावशीकडे गेले, तेव्हा तिचा रक्तदाब 174/100 निघाला. गोळी चुकली का, असे विचारल्यावर तिने चष्मा लावून मोबाइल माझ्यापुढे धरला. चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांच्या गटातून आलेला तो संदेश एव्हाना बहुतेकांच्या नजरेखालून गेला असेल. मिठाने रक्तदाब वाढतो हे औषध कंपन्यांनी पसरवलेले खोटे आहे; खरा दोष आयोडीन घातलेल्या पांढऱ्या मिठाचा आहे; शेंदेलोणात 84 खनिजे असतात, ते हवे तेवढे खावे; आपले पूर्वज भरपूर मीठ खाऊनही ठणठणीत होते; मीठ कमी केले तर सोडियम उतरते; आणि शेंदेलोण सुरू केल्यावर पंधरा दिवसांत बीपीची गोळी सुटते. मावशीने पंधरा दिवसही वाट पाहिली नव्हती. पाकीट फोडले त्याच दिवशी तिने गोळी बंद केली होती.

यातले सर्वांत घातक शब्द ‘हवे तेवढे’ हे आहेत. पाकिटामागची बारीक अक्षरे मी तिला वाचून दाखवली: 100 ग्रॅममध्ये सोडियम 38 ग्रॅम. शुद्ध मिठात वजनाच्या सुमारे 39 टक्के सोडियम असते, म्हणजे फरक जेमतेम एका ग्रॅमचा. शेंदेलोण हे खाणीतून काढलेले तेच मीठ असून त्याचा गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे येतो. ती 84 खनिजे उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत कोंबून बसवायची आहेत. सोडियम डोंगरातले की भांडुपच्या मिठागरातले, हे मूत्रपिंडाला कळत नाही. ते जादा झाले की शरीर त्याच्यासोबत पाणी धरून ठेवते आणि रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो.

“अगं, पण हे चवीला सौम्य आहे,” मावशी म्हणाली. सौम्य आहे म्हणून ती ते आमटीत दीड चमचा घालत होती. पाकीट अर्धा किलोचे, फोडून अठरा दिवस झालेले, आत जेमतेम शंभर ग्रॅम उरलेले आणि घरात माणसे दोन. म्हणजे दर माणशी दिवसाला अकरा ग्रॅम, तेही लोणचे, पापड आणि संध्याकाळचे फरसाण न धरता. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी आहे. आयसीएमआरच्या बंगळुरू येथील संस्थेने 2017-18च्या राष्ट्रीय पाहणीवरून काढलेली भारतीय प्रौढांची सरासरी सुमारे आठ ग्रॅम आहे. म्हणजे देशच मर्यादेच्या बाहेर आहे आणि मावशी देशाच्याही पुढे गेली होती.

मिठाचा आणि आजाराचा संबंध हे थोतांड आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी 2021 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेला चीनमधील प्रयोग पाहावा. तिथल्या 600 खेड्यांतील सुमारे 21 हजार लोक त्यात होते. कोणाला आधी पक्षाघात होऊन गेलेला, तर कोणी साठीपुढचे आणि रक्तदाबाचे रुग्ण. निम्म्या खेड्यांत नेहमीचे मीठ चालू राहिले आणि उरलेल्यांत असे मीठ दिले गेले, ज्यात पाव भाग पोटॅशियम क्लोराइड होते. सुमारे पाच वर्षांनी दुसऱ्या गटात पक्षाघात 14 टक्क्यांनी आणि मृत्यू 12 टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हा मीठ बदलल्याने फरक पडतो, एवढे मी नाइलाजाने मान्य करते. पण तो सोडियम घटल्याने आणि पोटॅशियम वाढल्याने पडतो, गुलाबी रंगाने नव्हे. शेंदेलोणात पोटॅशियम नावापुरते असते. शिवाय मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी पोटॅशियमचे मीठही डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

सोडियम उतरण्याची भीती मात्र अगदीच हवेतली नाही. आपल्या ओळखीत एखादे आजोबा त्यापायी रुग्णालयात राहून आलेले असतातच. पण त्यामागे बहुधा लघवी वाढवणारी गोळी, शरीरात साठलेले जादा पाणी किंवा दुसरा एखादा आजार असतो. आमटीतले मीठ चिमूटभर कमी केल्याने ते होत नाही.

पूर्वजांबद्दल एवढेच म्हणते की दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन 1896 साली निघाले. त्याआधीच्या आपल्या खापरपणजोबांचा आकडा या वैद्यबुवांना कोणी कळवला? आयोडीनने रक्तदाब वाढतो, हेही तसेच. ते मिठाच्या एका ग्रॅमला काही मायक्रोग्रॅम एवढेच असते आणि गलगंड टाळण्यासाठी घातले जाते. बाजारातले बहुतेक शेंदेलोण आयोडीनविना येते, त्यामुळे ज्या घरात गरोदर सून आहे तिथे हा बदल बाळाच्या मेंदूला महागात पडू शकतो.

राहिली गोळी. “मला तर काहीच त्रास होत नव्हता,” हा मावशीचा शेवटचा युक्तिवाद होता. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही. कित्येकांना तो पहिल्यांदा कळतो तो अर्धे अंग लुळे पडल्यावर. गोळी चालू असताना मोजलेला चांगला आकडा हा गोळीचाच असतो, ही साधी गोष्ट संदेश लिहिणाऱ्याला माहीत नसावी, किंवा माहीत असून त्याला तिचे काही वाटत नसावे. मी तिथूनच तिच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाली. उरलेले शंभर ग्रॅम शेंदेलोण मावशीने चतुर्थीच्या साबुदाणा खिचडीसाठी वेगळ्या बरणीत काढून ठेवले असून बरणीत आता पाव चमच्याचे माप आहे.