‘ऊ बोय’ ही आरोळी नाही

यूट्यूबवर ‘ऊ बोय’ (म्हणजे ‘लढाईला!’) हे क्रोएशियन गाणं शोधलं की क्रोएशियाच्या बरोबरीने जपानमधले व्हिडिओ समोर येतात. जपानी पुरुषांचे कोरस, समोर कागद नाही, आणि गातायत क्रोएशियन भाषेत. यामागची गोष्ट खरी आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैनिकांना व्लादिवोस्तोकहून घरी नेणारं ‘हेफ्रॉन’ नावाचं जहाज वाटेत बिघडलं आणि 1919 साली दुरुस्तीसाठी जपानच्या कोबे बंदरात अडकून पडलं. सैनिकांचा स्वतःचा कोरस होता. तिथल्या क्वान्सेई गाकुइन या संस्थेच्या ग्ली क्लबच्या (गानमंडळाच्या) मुलांशी त्यांची गाठ पडली, आणि जाताना ते हे गाणं मागे ठेवून गेले. शंभरावर वर्षं झाली, तिकडे ते अजून गायलं जातं.

गोष्ट गोड आहे. पण माझी तक्रार अशी की क्रोएशियाची राजधानी झाग्रेब असो की कोबे, बहुतेक कोरस हे गाणं चुकीचं गातात आणि चूक दोन्हीकडे एकच असते. ते ओरडतात. आणि या ओरडण्यामुळे ज्याने ते लिहिलं त्या माणसाबद्दलही लोकांचा समज चुकीचा होऊन बसलाय.

माणसाचं नाव ईवान झाइत्स. जन्म 3 ऑगस्ट 1832, रियेका, आजच्या क्रोएशियातलं बंदर. वडील चेक, लष्करी बँडमास्तर, आई जर्मन, गावाची बोली बरीचशी इटालियन, राज्य हॅब्सबर्गांचं. अशा घरातला मुलगा पुढे ‘क्रोएशियन राष्ट्रीय ऑपेराचा जनक’ म्हणून ओळखला जातो, हे त्या भागाचा इतिहास माहीत असणाऱ्याला नवल वाटणार नाही. वडिलांना मुलगा वकील व्हायला हवा होता. मुलगा 1850 साली मिलानच्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीतशाळेत) गेला आणि 1855 साली ‘ला तिरोलेझे’ हा ऑपेरा लिहून बाहेर पडला. मग सात वर्षं रियेकाच्या थिएटरात कंडक्टिंग आणि शिकवण्या. मग 1862 ते 1870 व्हिएन्ना. तिथे तो ऑपेरेटा लिहायचा, म्हणजे हलकीफुलकी, नाचती, तिकीटबारीवर चालणारी संगीतिका. 1863 सालच्या ‘मानशाफ्ट आन बोर्ड’ने त्याला नाव मिळवून दिलं. छपाईत आडनाव ‘फॉन झाइत्स’, जर्मन स्पेलिंगने.

इथे थांबून एक विचार करा. अडतिशीतला माणूस, व्हिएन्नात जम बसलेला, पैसे मिळतायत. त्याला झाग्रेबला बोलावणारे कोण? लेखक आउगुस्त शेनोआ आणि त्याचं मंडळ. आणि झाग्रेबमध्ये होतं काय? सेंट मार्क चौकातलं जुनं थिएटर, जे क्रिस्तोफोर स्तान्कोविच नावाच्या व्यापाऱ्याने लॉटरीच्या बक्षिसातून 1834 साली बांधलेलं. (आज तिथे जुनं नगरभवन आहे.) 24 नोव्हेंबर 1860ला प्रेक्षकांनी याच थिएटरातून जर्मन नटमंडळी हुसकून लावली होती. नाटक क्रोएशियन झालं. ऑपेरा मात्र नव्हता. ऑपेरा म्हणजे नुसतं नाटक अधिक गाणं असं नसतं. कायम पगारी ऑर्केस्ट्रा लागतो, स्वरलिपी वाचून गाणारा कोरस लागतो, पाच-सहा एकल गायक लागतात, त्यांना घडवणारी शाळा लागते, आणि या सगळ्यांना वर्षभर गुंतवून ठेवतील इतके प्रयोग लागतात. यातलं एक नसलं तर बाकीचं सहा महिन्यांत विखरून जातं.

हे नसलं की काय होतं याचं उदाहरण झाग्रेबच्या डोळ्यासमोर होतं. वात्रोस्लाव लिसिन्स्की. त्याने 1846 साली पहिला क्रोएशियन ऑपेरा रंगमंचावर आणला, तोही हौशी गायकांच्या जिवावर. दुसरा, ‘पोरिन’, 1851च्या सुमारास लिहून पूर्ण केला. तो करायला माणसंच नव्हती. हस्तलिखित कपाटात, आणि लिसिन्स्की 1854 साली, पस्तिशी गाठायच्या आत, गरिबीत गेला. प्रतिभेच्या मापाने पाहिलं तर माझ्या मते लिसिन्स्की झाइत्सपेक्षा उजवा होता. पण त्याला जागा नव्हती.

झाइत्सने जागा केली. 2 ऑक्टोबर 1870ला त्याच्या ‘मिस्लाव’ने झाग्रेबचा कायमस्वरूपी ऑपेरा सुरू झाला. त्याच वर्षी क्रोएशियन म्युझिक इन्स्टिट्यूटच्या शाळेची सूत्रंही त्याने घेतली. ऑपेरा 1889पर्यंत चालवला, म्हणजे 19 वर्षं; शाळा 1908पर्यंत, म्हणजे 38 वर्षं. या दोन नोकऱ्या वेगळ्या नव्हत्या हे लक्षात घ्या. एकीकडे गायक घडायचे, दुसरीकडे उभे राहायचे. मिल्का तेर्निनाने 1882 साली शिकत असतानाच झाग्रेबच्या या रंगमंचावर इटालियन संगीतकार वर्दीच्या ‘उन बालो इन मास्केरा’मध्ये पदार्पण केलं, पुढे 1900 साली लंडनला आणि 1901 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये पुच्चिनीची ‘तोस्का’ पहिल्यांदा गाणारी तीच. बॅरिटोन योसिप काश्मान याच झाग्रेबमधून निघून मेट्रोपॉलिटनच्या 1883च्या पहिल्या सीझनमध्ये पोचला. लहान गावच्या ऑपेराचा हा नेहमीचा घाटा: चांगला गळा तयार झाला की तो जातो. मग उरलेल्यांना पेलेल असं लिहायचं. झाइत्सच्या रचनांची संख्या बाराशेच्या आसपास जाते, आणि ‘घाईत लिहितो, पुन्हा तेच लिहितो’ हा आरोप त्याच्यावर कायम होत आला. आरोप खोटा नाही. पण हा माणूस स्मारकं लिहीत नव्हता, रतीब घालत होता. रोज दूध पोचलं पाहिजे.

दुसरा आरोप जास्त गंभीर. फ्रान्यो कुहाच या लोकगीत-संग्राहकाने 1878 ते 1881 या काळात चार खंडांत 1600 दक्षिण स्लाव लोकगीतं छापली. त्याचं म्हणणं, राष्ट्रीय संगीत या मातीतून यायला हवं; झाइत्स तर वर्दीच्या चालीत क्रोएशियन शब्द बसवतोय. कान देऊन ऐकलं तर कुहाचचं बरंचसं पटतं. चाली इटालियनच आहेत, कोरसची ठेवण वर्दीच्या तरुणपणची. फक्त मला असं वाटतं की भाषा रंगमंचावर गायला शिकते ती आधी उसन्या चालीवरच, आणि त्या शिकण्याला वीस वर्षं द्यावी लागतात. कुहाचला ती वीस वर्षं मान्य नव्हती.

आता ‘ऊ बोय’कडे. बऱ्याच जणांना वाटतं हे गाणं ऑपेरातून उचललं. उलट आहे. झाइत्सने ते 1866 साली व्हिएन्नात, तिथल्या क्रोएशियन विद्यार्थ्यांच्या पुरुष-कोरससाठी लिहिलं. शब्द फ्रान्यो मार्कोविचचे. निमित्त हंगेरीतल्या सिगेत किल्ल्याच्या वेढ्याला 300 वर्षं झाल्याचं. 1566 साली तुर्की सुलतान सुलेमानच्या प्रचंड फौजेसमोर क्रोएशियन सरदार निकोला शुबिच झ्रिन्स्कीने अडीचेक हजार माणसांनिशी महिनाभर किल्ला लढवला आणि शेवटी उरलेल्यांना घेऊन दरवाज्याबाहेर पडून मरण पत्करलं. सुलतानही किल्ला पडायच्या आधीच तंबूत वारला होता, पण हे फौजेपासून लपवलेलं.

दहा वर्षांनी, 4 नोव्हेंबर 1876ला, ‘निकोला शुबिच झ्रिन्स्की’ हा ऑपेरा आला. शब्द हुगो बादालिचचे, मूळ आधार थेओडोर क्योर्नरचं जर्मन नाटक. आणि 1834 साली स्तान्कोविचचं थिएटर उघडलं होतं ते याच नाटकाने, जर्मनमध्ये! त्याच भिंतींमध्ये 42 वर्षांनी तीच कथा क्रोएशियनमध्ये गायली गेली. सुरुवात बेलग्रेडला, म्हातारा सुलेमान आपल्या वैद्याला, लेवीला, विचारतोय की अजून किती वर्षं जगेन. पुढे किल्ला, झ्रिन्स्कीची मुलगी येलेना, तिचा प्रियकर युरानिच. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा मरण बरं म्हणून येलेना युरानिचच्याच हातून मरते. हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, ‘ऊ बोय’ येतं. तोवर प्रेक्षकाला आणि गाणाऱ्यांना दोघांनाही ठाऊक असतं की दरवाजा उघडला की कोणी परत येणार नाही. ही विजयाची ललकारी नाही.

शब्द ऐका, मराठी कानाला गंमत वाटेल: ‘नेक दुश्मान झ्ना काको म्रेमो मी’. दुश्मनाला कळू दे आम्ही कसे मरतो ते. ‘दुश्मान’ आपलाच फारसी दुश्मन, तिकडे तुर्कीतून पोचलेला. म्हणजे तुर्काला शत्रू म्हणायला शब्दही तुर्काकडूनच घेतलेला. ‘म्रेमो’त संस्कृतचा ‘मृ’ आहे, ‘झ्ना’त ‘ज्ञा’. ‘ब्राचो’ म्हणजे बंधूंनो, भ्राता. आणि ‘स्मृत’, मृत्यू. यात स्वर नाही, ‘र’च स्वराचं काम करतो, संस्कृतातल्या ऋसारखा. कोरस अडखळतात ते इथेच. ‘स्मर्त’, ‘स्मिर्त’, जपानी तोंडात आणखी एक-दोन स्वर. स्वर घुसला की एका मात्रेचा घाव दोन मात्रांत पसरतो. उपाय साधा: आधी न गाता, नुसता ‘र्र्र’ तालात म्हणायचा, मग पुढेमागे स आणि त लावायचे.

‘बोय’ची चूक त्याहून सार्वत्रिक. लांबवलेल्या सुरावर ‘ओ’ धरायचा आणि ‘य’ अगदी सुटताना लावायचा. बहुतेक जण ‘य’वर लवकर सरकतात. घसा आवळतो, सूर पातळ होतो, मग तो भरून काढायला जोर लावतात. ओरडणं तिथून सुरू होतं.

गाणं चार पट्ट्यांत, म्हणजे चार वेगळ्या आवाजांसाठी, आहे: दोन टेनर (वरचे पुरुषी आवाज), दोन बास (खालचे). सगळ्यांना सारखी माणसं वाटू नका. वरचा टेनर कमी माणसांतही टोचतो, खालचा बास जास्त माणसांतही बुडतो. बत्तीस गाणारे असतील तर वर सात, खाली नऊ-दहा, उरलेले मध्ये. मधल्या दोन पट्ट्यांत सुरात पक्के असणारे ठेवा, कारण स्वरमेळाचा रंग तिथे ठरतो आणि तिथलेच सुटतात.

पण गाण्याचा जीव कुठे आहे विचाराल तर मधल्या भागात. ‘साद झ्बोगोम बुद, दोमे मोय, झाउवियेक’: आता निरोप, माझ्या घरा, कायमचा. (‘दोम’ म्हणजे घर, संस्कृत ‘दम’चा भाऊ.) आवाज इथे उतरायला हवा, खरोखर उतरायला हवा. दोन गोष्टी बिघडतात. एक, भावनेच्या भरात लय इतकी ओढतात की परत ‘ऊ बोय’वर यायला गाडीला धक्का द्यावा लागतो. दोन, हळू गाताना श्वासाचा आधार सुटतो आणि सूर उतरतो. नुसत्या कोरसमध्ये हे खपून जातं. ऑर्केस्ट्राबरोबर, विशेषतः पितळी वाद्यांबरोबर, उघडं पडतं. म्हणून तालमीत हा भाग आधी मूळ चालीच्याच लयीत, कंडक्टरने न ओढता, म्हणून घ्यायचा. परतीच्या पहिल्या सुरावर पियानोची पट्टी दाबून पाहायचं. आणि श्वास सगळ्यांनी एकदम स्वल्पविरामावर न घेता पाळीपाळीने घ्यायचा. लय थोडी सैल करायची असेल तर ती यानंतर, अगदी थोडी.

सुरुवातच पूर्ण ताकदीने केली तर शेवटच्या ‘मोरा पास्त’ला (त्याला पडलंच पाहिजे) देण्यासारखं काही उरत नाही. ऑपेरात तर त्याआधी दोन तासांहून जास्त गाणं झालेलं असतं, आणि छोट्या थिएटरात पुरुष-कोरस तीच माणसं, थोड्या वेळापूर्वी तुर्क, आता क्रोएट. पहिला टेनर दमलेला असतो. आणखी एक रंगमंचावरचा घोळ: दिग्दर्शकांना सैनिक बुटांचा ठेका धरत चालवायचे असतात. पन्नास-साठ बूट फळ्यांवर ऑर्केस्ट्राच्या मागेच पडतात, आणि कोरस कंडक्टर सोडून बुटांचं ऐकायला लागतो. शहाणे लोक शेवटच्या आवर्तनापर्यंत कोरस उभा ठेवतात.

हे गाणं पुढे सभांत गेलं, मैदानांवर गेलं, मधला निरोप गळून आरोळी उरली. झाइत्सचंही तसंच झालं.

1889 साली खर्च परवडत नाही म्हणून झाग्रेबचा ऑपेरा बंद केला. एकोणीस वर्षांची घडी मोडली, पण शाळा चालू होती, वाचून गाणारी माणसं गावात होती. म्हणूनच 1894 साली स्त्येपान मिलेतिच इंटेन्डंट (थिएटरचा प्रमुख) झाला तेव्हा त्याला शून्यातून सुरुवात करावी लागली नाही. 1895 साली फ्रान्झ योझेफच्या हस्ते नवं, आजचं पिवळं थिएटर उघडलं. आणि तिथे, लिहून सेहेचाळीसेक वर्षं झाल्यावर, लिसिन्स्कीचा ‘पोरिन’ पहिल्यांदा पूर्ण गायला गेला. झाइत्स तेव्हा 65 वर्षांचा होता, शाळेत रोज जात होता. तारीख होती 2 ऑक्टोबर 1897, ‘मिस्लाव’ला त्या दिवशी 27 वर्षं झाली होती.